गॅलियन्स रीचच्या चार बाजू

१

कॅमेरे कोरडे ठेवणाऱ्या कपाटातली आर्द्रता पंचेचाळीस टक्के होती, तीन कॅमेरे आणि पाच लेन्स जागच्या जागी होत्या, किल्ली कुलपातच लटकत होती. नव्हता तो फक्त पांढऱ्या पुठ्ठ्याचा चौकोनी संच.

“काल दुपारी चारपर्यंत होता,” एकता म्हणाली. “मी स्वतः ठेवला. आज सकाळी न्यायला म्हणून उघडलं, तर हे.”

क्षिप्राताई कपाटासमोरच्या खुर्चीवर बसल्या. टॅम्पिनीसहून बिशानपर्यंत सिंगापूरच्या मेट्रोत उभे राहून त्यांचे गुडघे कुरकुरत होते. पुण्याच्या एका ध्वनिसंग्रहालयात बत्तीस वर्षे तबकड्यांच्या नोंदी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता टॅम्पिनीसला मुलीकडे राहत होत्या; तबकड्यांचा विषय म्हणून एकताने त्यांनाच बोलावले होते. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो कार्डे भरली होती. गायकाचे नाव, वादकांची नावे, कंपनीचे नाव. ‘संयोजन’ हा रकाना बहुतेक वेळा कोरा राही. ज्याने चाळीस माणसांसाठी एकेक स्वर कागदावर उतरवला, त्याचे नाव छापण्याइतकी शाई कोणत्याही कंपनीकडे कधी उरली नव्हती. या गोष्टीचा क्षिप्राताईंना एके काळी संताप येई. आता तो संताप ओरडत नसे. नीट घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखा तो थंड आणि कडक झाला होता.

‘गॅलियन्स रीच’ ही लंडनच्या गोदीवरची दीर्घ रचना १९७१ साली तिथेच ध्वनिमुद्रित झाली. डेरेक ऑलब्री नावाच्या माणसाचा पाच जणांचा जॅझ-चमू, त्यात इलेक्ट्रिक पियानो, आणि भोवती चाळीस वादकांचा वाद्यवृंद. कंपनीला तो प्रयोग झेपला नाही. बाजारात आली ती एकेरी तबकडी. तिच्यात वाद्यवृंदाच्या चार भागांपैकी पहिला तेवढा होता आणि उरलेली जागा चमूच्या सुट्या तुकड्यांनी भरली होती. तिच्या दोनशे प्रती खपल्या असतील-नसतील. मूळ फिती पुसून दुसऱ्या कामाला लावल्या गेल्या. चारही भाग उरले ते छपाईआधीच्या एका नमुना-संचात: दोन तबकड्या, चार बाजू, कोरी पांढरी लेबले. वाद्यवृंदाचे संयोजन करणाऱ्याला तो संच भेट मिळाला होता.

तो माणूस म्हणजे एकताचे वडील यादवराव मेश्राम. वय चौऱ्याऐंशी, कामठीच्या एका बँडवाल्याचा मुलगा, तरुणपणी लंडनला गेलेला. त्यांचे नाव बाजारातल्या तबकडीवर कुठेही नव्हते.

संच पन्नास वर्षे त्यांच्या पत्नीच्या, कमलाबाईंच्या पेटीत होता. त्या गेल्या वर्षी वारल्या. पंधरा दिवसांपूर्वी एकताने नागपूरहून पेटी आणली, तेव्हा संचातून एक टाइप केलेला कागद निघाला: सर्व वाद्यवृंद-संयोजन वाय. मेश्राम यांचे, खाली ऑलब्रीची शाईतली सही. लंडनची एक कंपनी ही तबकडी नव्याने काढत होती. एकताने तिला कागदाचा फोटो पाठवला. अत्यंत सभ्य भाषेत उत्तर आले की असा फोटो आजकाल कोणीही घरबसल्या तयार करतो. मूळ कागद आमच्या सिंगापूरच्या प्रतिनिधीला दाखवावा. शुक्रवारी संध्याकाळी तबकडीसोबतची पुस्तिका छपाईला जाईल. त्यानंतर नाव घालता येणार नाही.

“बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, राहू दे.” एकताने कपाटाचे दार लावले. “आयुष्यभर हेच म्हणत आलेत.”

“काल घरात किती माणसं होती?”

“आईचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. चौदा जण जेवले. पण या खोलीत तिघंच आले. तबकड्या जमवणारे यशोधनदादा, विद्यापीठातले डॉक्टर सुबोध...” ती थांबली. “आणि तिसरा माझा नवरा.”

२

एकताचा नवरा धम्मदीप चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता होता. इमारतीखालच्या बाकावर त्याने दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून ठेवल्या आणि विचारण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

“एकतानं सांगितलंच असेल. हे खोकं समुद्रात बुडवा, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो.”

“का म्हणालात?”

“ताई, पंधरा दिवस बाबा धड जेवलेले नाहीत. लंडनचा मेल आला की बीपी वाढतं, नाही आला की जास्त वाढतं. ज्यांनी पन्नास वर्षं विचारलं नाही ते आता पुरावा मागतात, आणि आम्ही तो घेऊन रांगेत उभे राहतो. मला हे बघवत नाही.”

“मग तुम्ही नेला?”

तो हसला. हसण्यात आनंद नव्हता. “मी नेला असता ना, तर सगळ्यांदेखत नेला असता. लपवायला तरी जोर लागतो. तो कुठून आणू?”

“बाकी दोघं या खोलीत एकेकटे होते?”

“दोघंही. यशोधनदादा फोटो काढत बसले होते. सुबोधसर नंतर, निघताना, पाच मिनिटं. दोघांकडे मोठ्या कापडी पिशव्या होत्या. एकतानं सगळ्यांना खिरीचे डबे दिले होते, ते न्यायला.”

वर यादवराव खिडकीशी बसले होते. जय भीम झाल्यावर क्षिप्राताईंनी चोरीबद्दल काही विचारले नाही. त्यांनी विचारले, त्या चार बाजूंत आहे काय.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वळून पाहिले. “बाई, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये ते सुबोधसर आले, दोन तास बसले. त्यांना बापाचा बँड हवा होता, गरिबी हवी होती. ती दिली त्यांना.”

मग त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला.

“पहिली बाजू धुकं. गोदीत उतरलेला एकटा माणूस, नुसता चेलो. दुसरी बाजू काम. हातोडे, साखळ्या, सगळी तालवाद्यं. तिसऱ्या बाजूला घरचं पत्र येतं. इलेक्ट्रिक पियानो वाचतो आणि व्हायोलिनं ऐकतात. पत्र संपतं ते प्रश्नावर, घरी कधी येतोस म्हणून. चौथी बाजू त्याचं उत्तर. मिरवणूक. कामठीची पितळी वाद्यं आणि लंडनची व्हायोलिनं एकाच रस्त्यानं.” ठेका थांबला. “ऑलब्री म्हणाला होता, चौथीसाठी पहिल्या तीन सोसायच्या. माणूस वाईट नव्हता. नाव छापायच्या वेळी मात्र गावाला गेला होता.”

“कागद मिळाला नाही तर?”

“तर त्या पुस्तिकेत जे छापतील तेच खरं होईल. मी गेल्यावर एकता कुणाकुणाशी भांडेल?”

एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले. ‘राहू दे’ हे शब्द मात्र या वेळी त्यांनी उच्चारले नाहीत.

३

मरीन परेडच्या आलिशान फ्लॅटमध्ये यशोधनच्या बैठकीच्या तीन भिंती तबकड्यांनी झाकल्या होत्या. चौथीतून समुद्र दिसत होता, त्याला त्याचा इलाज नव्हता. तो बँकेत वरच्या हुद्द्यावर होता आणि दर रविवारी जुनी तबकडी विकत घेतली नाही तर त्याला आठवडा अपुरा वाटे.

“मला चोर म्हणून बघायला आलात की पाहुण्या म्हणून, क्षिप्राताई? चहात आलं घालायचं की नाही ते त्यावर ठरेल.”

“घाला. दोन्हींना चालतं.”

“मी संच मागितला होता, हे खरं. एकतानं नाही म्हटलं. मी पुढच्या वर्षी पुन्हा मागणार होतो. आमच्यात असंच असतं. माणसं थकेपर्यंत मागत राहायचं.” त्याने कप पुढे केला. “पण चोरलेली तबकडी दाखवता येत नाही, आणि जी दाखवता येत नाही ती ठेवून मी करू काय?”

गर्व हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकतो, हे क्षिप्राताईंनी मनातल्या मनात मान्य केले.

“फोटो कशाचे काढलेत?”

त्याने फोन उघडला. चार फोटो, चार बाजूंचे; पण लेबलांचे नव्हेत. लेबलालगतच्या गुळगुळीत कडेवर सुईने कोरलेले बारीक आकडे त्यात दिसत होते.

“नमुना तबकडीच्या लेबलावर काही छापलेलं नसतं. कुठली बाजू कितवी, ते इथं कोरलेलं असतं. सुई टेकवायच्या आधी हे वाचायचं, ही आमची संध्या समजा.” त्याने फोटो मोठे केले. “आणि गंमत बघा. पहिल्या तबकडीच्या एका अंगाला एक आहे, दुसऱ्या अंगाला चार. दुसऱ्या तबकडीवर दोन आणि तीन.”

“चेंजरसाठी,” क्षिप्राताई म्हणाल्या.

“अर्थात! तुम्हाला कळणारच. त्या काळी लोक दोन्ही तबकड्या यंत्राच्या दांडीवर एकदमच चढवायचे. पहिलीची वरची बाजू वाजली की दुसरी तिच्यावर आपोआप पडायची, तिची वरची बाजू वाजायची. झाल्या एक आणि दोन. मग चळत तशीच उलटायची की तीन आणि चार. उठावं लागायचं ते एकदाच.” त्याने सुस्कारा सोडला. “आळशी लोकांसाठी केवढी बुद्धी खर्ची पडायची!”

“हे तुम्ही रविवारी कुणाला सांगितलंत?”

“सांगायला गेलो होतो सुबोधला. तो म्हणाला, यंत्रांच्या गप्पांत मला रस नाही, मी संगीताचा अभ्यासक आहे.”

क्षिप्राताईंनी कप खाली ठेवला. अजून चोर सापडला नव्हता. पण कोणता प्रश्न विचारायचा, ते सापडले होते.

४

डॉक्टर सुबोध विद्यापीठात शिकवत आणि लंडनच्या पुस्तिकेतला लेखही तेच लिहीत होते; गुरुवारी क्षिप्राताई त्यांना भेटल्या. त्यांच्या दालनात पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली होती आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर तबकड्या वाजवण्याचे नवे, चकचकीत यंत्र होते.

“या मॅडम. फार वाईट झालं. यादवरावजींबद्दल मला नितांत आदर आहे.”

“तुमच्या लेखात तो दिसेल?”

“आदर आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते नक्कलनवीस होते. ऑलब्रीच्या खर्ड्यावरून प्रत्येक वादकाची पानं सुबक अक्षरात उतरवून द्यायचे. महत्त्वाचंच काम आहे ते.”

“आणि ऑलब्रीच्या सहीचा कागद?”

“सौजन्य. निरोप देताना माणसं असं काहीबाही लिहून देतात.” त्यांनी चष्मा पुसला. “अकरा वर्षं मी ऑलब्रीवर पुस्तक लिहितोय. शुक्रवारी पुस्तिकेत जाणारा लेख हा त्याचा गाभा आहे. वाचा ना. तुमच्यासारख्या वाचकांसाठीच लिहितो आम्ही.”

त्यांनी छापील पाने पुढे केली. कौतुकाची भूक हा विद्वानांचा जुनाच आजार आहे, आणि तो शुद्धीवर असतानाच होतो. क्षिप्राताई वाचू लागल्या.

‘धुक्यातील एकाकी चेलोनंतर तत्काळ संपूर्ण वाद्यवृंद पितळी वाद्यांसह कळसाला पोहोचतो. हा कळस हेतुतः अकाली आहे. त्यानंतर उरते ती गोदीतील हातोड्यांची यांत्रिक लय, आणि अखेरीस एक पत्र, ज्याला उत्तर येत नाही. रचनेचा हा उतरता आलेख म्हणजे साम्राज्य गमावलेल्या राष्ट्राचा थकवा होय, आणि तो केवळ इंग्रज मनातूनच उमटू शकतो. कामठीच्या बँडवाल्याच्या मुलाकडे या थकव्याची सामग्री असणे संभवत नाही.’

क्षिप्राताईंनी शेवटचे वाक्य दोनदा वाचले. थकव्याची सामग्री. घडी घातलेला संताप आत कुठेतरी उलगडू लागला.

“बाकीचे तीन भाग तर कुणीच ऐकलेले नाहीत. तुम्हाला कसे कळले?”

“मार्चच्या मुलाखतीत यादवरावजींनी सविस्तर सांगितले. नक्कल करताना ऐकलेलं असणारच.”

“मुलाखतीचं ध्वनिमुद्रण?”

“फोन बदलला. दुर्दैवानं गेलं.”

“याच क्रमानं सांगितले?”

“शब्दशः याच क्रमानं.”

क्षिप्राताई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी एकताला फोन लावला. मार्चच्या मुलाखतीला ती पूर्ण वेळ शेजारी बसलेली होती. बाबा बँडबद्दल बोलले, आजीबद्दल बोलले. चार बाजूंबद्दल अवाक्षर नाही. फोन ठेवून त्या पुन्हा आत शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

५

“तुमचा इंग्रज थकवा कुठून आला ते सांगू?” त्या बसल्या नाहीत. “पहिली तबकडी यंत्रावर ठेवली, ऐकली, उलटली. मग दुसरी ठेवली, ऐकली, उलटली. आजकाल सगळेच असं करतात. पण हा संच चेंजरसाठी बनवलेला आहे. पहिलीच्या पाठीवर दुसरी बाजू नाही, चौथी आहे. मिरवणूक शेवटी येते, सुबोध. तुम्ही ती दुसरी ऐकलीत, मग गोदी, मग पत्र. पत्राचं उत्तर तुम्ही आधीच ऐकून बसला होतात. आणि त्यावर तुम्ही एका राष्ट्राचा अस्त उभा केलात.”

सुबोधच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण आवाज शाबूत होता. “ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सांगताना क्रम चुकला असेल.”

“त्यांनी तुम्हाला क्रम सांगितलाच नाही, मुलाखतीला एकता शेजारी होती. आणि विसरणारा माणूस काहीही सांगेल, पण एक, चार, दोन, तीन हा क्रम त्या दोन तबकड्या उलटूनच मिळतो. यशोधनकडून ही चूक होणार नाही. तो कडेचे आकडे वाचल्याशिवाय सुईला हात लावत नाही. धम्मदीपच्या घरी वाजवायचं यंत्र नाही, आणि हा लेखही त्यानं लिहिलेला नाही. कोऱ्या लेबलापलीकडे वाचायला काही असू शकतं, हे ज्याला सुचलंच नाही असा माणूस एकच.” त्यांनी तिपाईकडे पाहिले. “अकरा वर्षं तबकडीवर लिहिता. तबकडीकडे कधी पाहिलंत?”

 मग सुबोधने खालचा खण उघडला. पांढरा संच खिरीच्या पिशवीतच होता.

क्षिप्राताईंनी तो उघडला. दोन्ही तबकड्या होत्या.

“कागद?”

“नाही.” त्याने कोपऱ्यातल्या कागद कातरायच्या यंत्राकडे बोट दाखवले. “सोमवारीच.”

“तबकड्या मोडल्या नाहीत.”

“मी रानटी नाही, मॅडम.”

“नाही मोडल्या. त्यांच्यात तुमचा सिद्धान्त होता, म्हणून.”

तो खुर्चीत मागे रेलला, आणि पुढे जे बोलला त्यात पहिल्यांदाच खरी बुद्धी होती.

“आता ऐका. मला चोर ठरवलंत तर माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. कागद नाही. फोटो लंडनला मान्य नाही. तबकड्यांवर नाव नाही. पण संयोजन मेश्रामांचंच होतं असं मी, ऑलब्रीचा अभ्यासक, लिहिलं, तर ते मुकाट छापतील. हवं ते नाव तुम्हाला मिळेल. मी फक्त तुमचं मौन मागतो.”

क्षिप्राताईंनी त्या युक्तिवादात फट शोधली. बत्तीस वर्षांची सवय होती, फट असती तर सापडली असती. चोर खरे बोलत होता, आणि उद्या शुक्रवार होता.

६

शुक्रवारी दुपारी तीन वाजता बिशानच्या जेवणाच्या टेबलाशी पाच माणसे बसली. मधोमध सुबोधचा लॅपटॉप उघडा होता.

“पोलिसांना बोलवा,” एकता म्हणाली. “याचा शब्द कशाला हवा आपल्याला? याच्या मेहेरबानीवर बाबांचं नाव?”

“आणि पोलीस आल्यावर लंडन काय छापणार?” धम्मदीपने विचारले. त्याने तो प्रश्न कुणाच्या बाजूने विचारला होता, हे त्यालाही ठाऊक नसावे.

सगळ्यांनी यादवरावांकडे पाहिले. क्षिप्राताईंना वाटले, आता ते दोन शब्द येणार. त्यांनी ते ऐकण्याची तयारीही करून ठेवली होती.

“पोलीस नकोत,” यादवराव म्हणाले. “लिहा, सर. वाद्यवृंदाच्या चारही भागांचं संयोजन यादवराव मेश्राम, कामठी, यांचं.”

सुबोधने लिहिले. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. “आभारी आहे. आपण फार मोठ्या मनाचे—”

“झालं नाही अजून. आता पुढचं. लिहा: या चार बाजू मी चुकीच्या क्रमानं ऐकल्या.”

बोटे थांबली.

“त्या क्रमावरून मी एक सिद्धान्त मांडला होता, तो मागे घेतो. बरोबर क्रम असा. मग एक ते चार लिहा, मी सांगतो.”

“यादवरावजी, ते... त्याची आवश्यकता नाही. नाव आलं की विषय संपतो. हे वाचून लोक हसतील. तबकडी उलटता येत नाही म्हणतील. अकरा वर्षांचं काम आहे माझं.”

“संच कुठून मिळाला, तेही लिहा. मेश्राम कुटुंबाच्या संचावरून ऐकलं. ते खोटं नाही. कसा मिळाला, ते मी विचारत नाही.”

सुबोधने क्षिप्राताईंकडे पाहिले. चोरी पकडली गेली तेव्हाही त्याच्या डोळ्यांत ही याचना नव्हती. त्यांनी नजर हलवली नाही. एवढ्या वर्षांत विद्वानाला नेमके कुठे दुखते हे त्यांना सापडले नव्हते. बँडवाल्याच्या मुलाला ते एका दिवसात सापडले होते.

“निदान तळटिपेत टाकू का?” सुबोधचा आवाज अगदी बारीक झाला. “शेवटी. लहान टाइपात.”

“नाही. वर, मजकुरात. पहिल्या परिच्छेदात.”

 खालच्या मैदानातून शाळेच्या बँडचा सराव ऐकू येत होता; एकच ओळ पोरे पुन्हा पुन्हा चुकत होती. सुबोधने टाइप केले, खोडले, पुन्हा टाइप केले. एकता त्याच्या खांद्यामागे उभी राहून एकेक शब्द तपासत होती. धम्मदीपने यादवरावांसमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

“झालं,” सुबोध म्हणाला.

“वाचा.”

त्याने वाचले. ‘चुकीच्या क्रमाने’ या शब्दांशी आल्यावर त्याने वेग वाढवला आणि उरलेले वाक्य एका दमात उरकले.

यादवरावांनी हात वर केला. चाळीस वादकांना एकदम थांबवण्याची सवय त्या हाताला एके काळी होती, हे तो वर होताच सगळ्यांना कळले.

“घाई झाली तिथं,” ते म्हणाले. “पहिल्यापासून घ्या.”

सुबोधने लॅपटॉप जवळ ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.